दोरा तोडायची जागा

स्टुडिओत त्याला सगळे तयारमास्तर म्हणत. एखादा दिग्दर्शक घायकुतीला येऊन म्हणाला, "परवा सकाळपर्यंत एक रडकी चाल पाहिजे, नायिकेचा बाप मेलाय," की हा चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे म्हणायचा, "तयार आहे." आणि खरोखरच तयार असायची. इतर संगीतकार पियानोसमोर केस उपटत बसलेले असताना हा दुसऱ्या दिवशी स्वरलिपीचे कागद घेऊन हजर. त्या कागदांच्या कडा पिवळ्या पडलेल्या असायच्या, पण ते कुणी पाहिलं नाही. अडलेल्या माणसाला कागदाचा रंग दिसत नाही.

ते कागद त्याच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणातून यायचे. त्या खणात एक मोठी रचना होती. चेलो आणि पूर्ण वाद्यवृंद, चार भाग. बाविसाव्या वर्षी सुरू केलेली, आणि पंचावन्न उलटले तरी अर्धवट. ती होती ताईसाठी.

ताई त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले तेव्हा घर म्हणजे दोन खोल्या आणि खिडकीशी आईचं शिवणयंत्र. आई लोकांचे कपडे शिवायची आणि शिवताना एक चाल गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसती चाल. ती हळूहळू वर चढायची आणि एका जागी थांबायची, कारण त्या जागी आईच्या तोंडात दोरा असायचा. कट्कन दातांनी तोडला की पुढची ओळ. शिवण संपली की दोरा तुटणार, हे ठीक. पण चाल नेमकी तेव्हाच त्या जागी कशी येऊन पोचायची, हे कोडं दोघा भावंडांना कधी सुटलं नाही. ताई म्हणायची, "आई चालीच्या मापानं शिवते."

शाळेच्या अडगळीतला एक चेलो ताईच्या वाट्याला आला. गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायचं ते धिप्पाड वाद्य, आणि ताई काडीपैलवान. पण एकोणिसाव्या वर्षी ती शहराच्या वाद्यवृंदात लागली आणि तिच्या जिवावर हा संगीत शाळेत शिकला. प्रवेश मिळाला त्या दिवशी तो फुशारकीने म्हणाला, "ताई, मी तुझ्यासाठी लिहीन. तू सगळ्यांच्या पुढे एकटी बसायचं आणि मागे अख्खा वाद्यवृंद."

ताई हसली नाही. ती तेव्हा चेलोवाल्यांच्या रांगेत शेवटून दुसऱ्या खुर्चीवर बसायची, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच बसणार होती. ती म्हणाली, "मग आईची चाल घाल त्यात. दोरा तोडायच्या जागेसकट."

त्याने घातली. दुसरा भाग सगळा त्या चालीवरच उभा होता, आणि खरं सांगायचं तर त्याने आयुष्यात त्याहून चांगलं काही लिहिलं नाही.

मग चित्रपट आले. आधी पोटासाठी, मग सवयीने, मग नावासाठी. मोठी रचना मागे पडली. पुढच्या वर्षी, हा चित्रपट उरकला की, नवीन घरात गेलो की. ताई कधी विचारत नसे. तीही काही कमी नव्हती म्हणा. "तुझे ते गोंगाट मी बघणार नाही. माझ्यासाठी लिहिशील ते वाजवीन," असं तिने एकदा सांगितलं आणि शब्दशः पाळलं. तिने भावाचा एकही चित्रपट पाहिला नाही. फोनसुद्धा बटणांचा, बोलण्यापुरता.

खणाकडे त्याचा हात पहिल्यांदा गेला तो अशाच एका अडलेल्या दिवशी. आणि तिथूनच त्याने आपलं एक शास्त्र बसवलं. चालेलसा वाटणारा चित्रपट असला की तो घाम गाळून नवी चाल करायचा. पडणार अशी खात्री असली की खणातली द्यायचा. हिशोब सरळ होता: पडलेला चित्रपट कुणी बघत नाही, त्यामुळे त्यातली चाल कुणी ऐकत नाही, आणि ती आठवड्याभरात अंगावर ओरखडा न घेता खणात परत येते. कुठला चित्रपट पडणार हे तो पोस्टरवरची अक्षरं बघून सांगायचा, आणि पंधरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. याचा त्याला अभिमान होता. बाकीचे लोक यशावर टपून असतात, हा अपयशावर.

बायकोला हे सगळं माहीत. त्याच्या कागदांवरून प्रत्येक वादकाची वेगळी प्रत तीच शाईने उतरवून काढायची, त्यामुळे खणात काय आहे आणि काय बाहेर गेलंय हे तिला त्याच्याइतकंच पाठ होतं.

"ही वन्संची ना?" ती लेखणी थांबवून विचारायची.

"अगं, हा पडणारच आहे."

"तुमच्या तोंडात साखर पडो," ती म्हणायची आणि पुढे लिहायला लागायची.

अकरा वर्षांपूर्वी एका खाणावळीच्या गोष्टीवरचा चित्रपट आला. विधवा मालकीण, जाडा आचारी, पाच-सहा बिनकामाचे भाडेकरू. गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. निर्माता स्वतः चहा पिताना म्हणाला की हा डब्यातच राहील बहुधा. मालकीण मेलेल्या नवऱ्याचे सदरे घडी करून ठेवते, त्या प्रसंगाला दुसऱ्या दिवशीच चाल हवी होती. तयारमास्तर त्या वेळी तापाने फणफणला होता. खणात तोवर फारसं काही न वापरलेलं उरलं नव्हतं. दुसरा भाग मात्र अजून कुठेच दिलेला नव्हता. त्याला त्याने कधी हात लावला नव्हता.

त्या दिवशी लावला. मनाला लागलं, नाही असं नाही. पण पोस्टरवरचा आचारी इतका वाईट काढला होता की त्याने स्वतःची समजूत घातली.

पुढे झालं ते असं. सदऱ्यांचा प्रसंग लांबला म्हणून संकलकाने कापला. चाल मोकळी राहिली. तिकडे आचारी बश्यांची चवड घेऊन जिन्यावरून पडतो, त्या प्रसंगाला संगीत नव्हतं. संकलकाने मोकळी चाल दुप्पट वेगाने पळवून त्याच्यावर चिकटवली. आचाऱ्याचा पाय वरच्या पायरीवरून सुटतो, चाल वर चढते, तो एका पायावर, बश्या तिरप्या, आणि नेमकं तिथे सगळं थांबतं. शांतता. आचारी प्रेक्षकांकडे बघतो. मग धडाडधूम.

आई दोरा तोडायची ती ही जागा.

पहिल्या खेळाला तयारमास्तर तिसऱ्या रांगेत होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. शांतता आली आणि अख्खं थिएटर हसायला लागलं, असं की शेजारच्या बाईच्या डोळ्यांत पाणी. दिग्दर्शकाने त्याच्या पाठीत थाप मारली. "मास्तर! काय ती थांबायची जागा! सोनं आहे सोनं!" तयारमास्तर हसला. हे सांगायलाच हवं, कारण पुढे बरेच दिवस तो स्वतःला बजावत होता की आपण हसलो नव्हतो. तो हसला, आणि दिवे लागल्यावर उभा राहून त्याने लोकांना हातही केला.

देव तारी त्याला कोण मारी. ना शेंडा ना बुडख्याचा तो चित्रपट त्या एका प्रसंगावर तरला. मग त्या प्रसंगाचा तुकडा फोनाफोनांवर फिरला. पोरं शाळेच्या जिन्यात तसं एका पायावर उभं राहून ती चाल तोंडाने वाजवायची आणि थांबून सगळ्यांकडे बघायची. तयारमास्तरला विनोदी चित्रपटांची रीघ लागली. ताईला यातलं काहीच कळलं नाही. तिच्या वाद्यवृंदात चित्रपटाचं नाव काढणं म्हणजे जेवताना उंदराचं नाव काढण्यासारखं होतं.

ताईला पासष्ट पूर्ण झाली. निरोपाच्या कार्यक्रमात काय वाजवायला आवडेल, असं वाद्यवृंदाच्या संचालकाने उपचार म्हणून विचारलं. त्याला वाटलं, ही फुलं घेऊन घरी जाईल. ताई म्हणाली, "माझ्या भावाने माझ्यासाठी लिहिलंय, ते." मग तिने भावाला फोन केला.

"झालंय का रे ते पुरं?"

"तयार आहे," तो म्हणाला. पंचवीस-तीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

मग चार महिने त्याने एकही चित्रपट घेतला नाही. जन्मात केलं नव्हतं इतकं काम केलं. पहिला, तिसरा आणि चौथा भाग त्याने जवळजवळ नव्याने लिहिले. पडलेल्या चित्रपटांतल्या चाली होत्या त्या खरोखरच ओरखड्याशिवाय परत आल्या होत्या, त्याचं शास्त्र तिथवर खरं ठरलं. उरला दुसरा भाग. तो बदलावा म्हणून त्याने तीन नव्या चाली केल्या. तिन्ही बऱ्या होत्या. पण त्या फोनवर ताईने लगेच पुढचा प्रश्न विचारला होता तो "आईची चाल आहे ना?" हा, आणि त्यावर तो "म्हणजे काय!" असं म्हणून बसला होता.

पहिल्या तालमीनंतर झांजवाला त्याला जिन्यात गाठून बोलला. झांजा आणि नगारे वाजवणारा हा गडी पोट भरायला फावल्या वेळात स्टुडिओतही यायचा, चोरून.

"मास्तर, लहान तोंडी मोठा घास. ती दुसऱ्या भागातली चाल…"

"माहीत आहे."

"आमच्यातल्या निम्म्यांना कळलंय. ताईंसमोर कुणी बोलणार नाही. पण लोक?"

"इथे येणारे लोक असले चित्रपट बघत नाहीत."

"सगळे बघतात हो मास्तर. कबूल करत नाहीत, एवढंच."

घरी बायको म्हणाली, "वन्संना सांगून टाका."

"कशाला? अकरा वर्षं झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ उघडीच आहे हो. फक्त त्यांनाच दिसत नाहीये."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सांगायचं ठरवूनच गेला. ताई स्वयंपाकघरात बसली होती, डावा हात गरम पाण्याच्या भांड्यात. दोन वर्षांपासून तिची बोटं आखडत होती. वाद्यवृंदात कुणाला कळू दिलं नव्हतं. रांगेत शेवटून दुसऱ्या खुर्चीवर ते खपून जातं. पुढे एकटं बसल्यावर खपत नाही.

"अर्धा तास शेकलं की तासभर चालतात," ती म्हणाली. "मग परत लाकूड. पण दुसरा भाग बसलाय बघ. त्यात घाई नाही ना. आईने माझ्या बोटांचा आधीच विचार करून ठेवला होता." आणि ती ओल्या हाताने टेबलावर ती चाल वाजवून दाखवायला लागली. वर चढली, थांबली, आणि थांबल्यावर तिने ओठ मिटून दोरा तोडल्यासारखं केलं. लहानपणी करायची तसं. मग हसली.

तयारमास्तरने टॉवेल दिला. पाणी गार झालंय, परत तापवू का, असं विचारलं. आणि घरी आला.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. ताई काळ्या कपड्यांत पुढे येऊन बसली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यापुढे कुणाची पाठ नव्हती. पहिला भाग चांगला गेला, इतका की तयारमास्तर कडेच्या पडद्यामागे भिंत धरून उभा राहिला. मग दुसरा भाग. ताई सावकाश, जड, सुरेख वाजवत होती. चाल वर चढायला लागली तेव्हा मागच्या रांगांत कुणीतरी कुणालातरी कोपर मारलं असणार, कारण थोडी चुळबुळ झाली. ताई त्या जागी आली. गज उचलला. थांबली.

त्या शांततेत एकजण फिस्सकन हसला. वाईट हेतूने नव्हे, शिंक आवरली नाही की होतं तसं. मग दुसरा. मग हसू दाबणाऱ्यांचा तो विचित्र, नाकातून येणारा आवाज सगळ्या सभागृहातून सरकत गेला, आणि बाल्कनीतलं एक पोरगं खो खो हसलं.

ताईने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तयारमास्तरला ते पडद्यामागून स्वच्छ दिसलं. तिने आधी बोटांकडे पाहिलं, मग तारेकडे, मग परत बोटांकडे. आणि पुढची ओळ सुरू केली ती घाईने, काठाकाठाने, चोरट्यासारखी. शेवटचे दोन भाग तिने नुसते पार पाडले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शरमलेली माणसं जास्तच वाजवतात.

आत आल्यावर ती गजाचा पीळ सैल करत होती. "बोट घसरलं ना रे? मला कळलंच नाही. कानही गेले की काय?" तो काही बोलणार, तेवढ्यात फुलं घेऊन माणसं आत शिरली. आणि खरं विचाराल तर ती आली म्हणून त्याला हायसं वाटलं.

तीन आठवड्यांनी बायकोने त्याला सांगितलं की वन्संनी चेलो खोळीत घालून कपाटामागे उभा केलाय आणि संगीत शाळेला देऊन टाकणार आहेत. सोमवारी माणूस येणार न्यायला. "आता तरी?" बायको म्हणाली. तो चप्पल घालून तसाच निघाला.

ताईला त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खण, ताप, सदरे, आचारी, पहिला खेळ. आपण हसलो हेही सांगितलं. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या दंडावर हात ठेवला.

"बस. पाणी पी."

"ताई, लोक तुला नाही हसले. चालीला हसले."

"तुझं लहानपणापासून असंच. आईचा आरसा माझ्या हातून फुटला तर तू जाऊन सांगितलंस मी फोडला म्हणून. पाठीत दोन खाल्लेस." तिच्या आवाजात इतकी माया होती की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. "नाचता येईना अंगण वाकडं, असं मला नाही म्हणायचं. बोटं माझी गेली. तू कशाला आईच्या चालीवर असलं काहीतरी रचतोस?"

"रचत नाहीये गं."

"तू आईची चाल विकशील? असल्या फालतू गोष्टीला? मला सांग, मी विश्वास ठेवू?"

आयुष्यभर जे लपवलं ते सांगावं आणि समोरच्याने तो तुमचा चांगुलपणाच समजावा, याहून वाईट शिक्षा नसेल. क्षणभर त्याला मोहही झाला. हिला हेच खरं वाटू द्यावं. भाऊ साधा राहील, आईची चाल स्वच्छ राहील, जातील ती फक्त बोटं. त्याने कपाटामागून डोकावणारी काळी खोळ पाहिली आणि खिशातून फोन काढला.

तुकडा दीड मिनिटाचा होता. आचारी, बश्या, जिना. दुप्पट वेगाने आईची चाल. थांबली. आचारी प्रेक्षकांकडे बघतो. धडाडधूम. खाली लिहिलं होतं, सत्तर लाख लोकांनी पाहिलं.

"आवाज वाढव," ताई म्हणाली. त्याने वाढवला. तिने परत पाहिलं. हसली नाही, रडली नाही. चाल थांबली त्या जागी तिचे ओठ सवयीने मिटायला गेले आणि तसेच राहिले, कारण बश्या फुटल्या.

"म्हणजे बोटं नव्हती."

"नव्हती."

तिने डावा हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट करून पाहिला, हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस बघतो तसा. "मी पाण्यात हात घालून बसले होते, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"टॉवेल दिलास."

"हो."

"जा आता," ती म्हणाली. रागावून नव्हे. स्वयंपाक करायचा राहिलाय, अशा आवाजात.

सोमवारी न्यायला आलेल्या माणसाला तिने परत पाठवलं, हे बायकोकडून कळलं. आणखी दहा दिवसांनी तयारमास्तर तिच्याकडे गेला, हातात उगाच एक फळांची पिशवी. पहिल्या मजल्यावर असतानाच चेलो ऐकू आला. बोटं सुरेख चालत होती. इतकी मोकळी त्याने वर्षानुवर्षं ऐकली नव्हती. जीव भांड्यात पडला त्याचा. आपण एक गोष्ट तरी बरोबर केली, असं त्याला वाटलं, आणि तो दोन पायऱ्या वर चढला.

मग तिने आईची चाल धरली. तो कठडा धरून जागच्या जागी उभा राहिला. चाल वर चढत गेली आणि दोरा तोडायची जागा आली, आणि ताई थांबलीच नाही. सरळ पुढच्या ओळीत गेली. त्याला वाटलं, विसरली. तिने पहिल्यापासून परत सुरू केलं. परत तसंच, न थांबता, गुळगुळीत, जणू तिथे कधी काही नव्हतंच.

आई गेली तेव्हा तो रेकॉर्डिंगला होता आणि रडला नव्हता. आत्ता जिन्यात त्याला रडू कोसळलं. तिसऱ्या वेळीही ती थांबली नाही, तेव्हा पिशवी पायरीवर ठेवून तो खाली उतरला.